टीव्ही घेतला गं, पण 55 नाही, 43

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तू रात्री पाठवलेली सेलची लिंक बघितली, 55 इंची, वर कार्डावर अजून सूट, आणि खाली तू लिहिलंस की आई तू फक्त हो म्हण, बाकी मी बघते. वाचून डोळे भरून आले बघ, स्वतःच्या पगारातनं आईबाबांना टीव्ही घ्यायचा म्हणतेस. पण मी हो म्हटलं नाही आणि काल आम्ही इथंच सांगलीत 43 इंची घेऊन आलो. रागावू नको, आधी सगळं वाच.

तुझी लिंक आल्यावर मी पहिल्यांदा शिवणाची टेप काढली. टीव्हीचे इंच म्हणजे तिरकं माप असतं, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, म्हणजे 55 चा रुंदीला जवळजवळ 48 इंच आणि उंचीला 27. तेवढा पुठ्ठा कापला, भिंतीला लावून बघितला तर तिथं छान बसत होता. मग तोच पुठ्ठा घेऊन जिना चढायला लागले, तर आपल्या लाकडी जिन्याच्या वळणावर कठड्याला अडकला, आडवा करून बघितला, उभा करून बघितला, वळेचना. 43 च्या मापाचा पुठ्ठा, साधारण 38 बाय 21, तो मात्र सरळ वर गेला. तिथंच माझं ठरलं.

जिन्याचं एवढं का, तर तू 2019 च्या पुरात पुण्याला होतीस, तू ते बघितलं नाहीस. गावभागात पाणी शिरायला लागलं तेव्हा आम्ही दोघांनी आधी धान्य, मग कागदपत्रं, मग गाद्या वर नेल्या, आणि तो जुना डबा टीव्ही काही आमच्याच्यानं उचलेना, म्हणून टेबलावर स्टूल आणि स्टुलावर टीव्ही असं रचून आम्ही निघालो. पाणी उतरल्यावर दार ढकलून आत आलो तर तो पालथा पडलेला, मागच्या बारीक भोकांतनं काळा गाळ गळत होता, आणि बाबा कितीतरी वेळ नुसते त्याच्याकडं बघत उभे होते. नंतर घेतलेला 32 इंची 2021 ला वेळेत वर नेला म्हणून वाचला. आता त्याच्यावर उभी रेघ आलीय आणि पॅनल बदलायचा खर्च ऐकून मेकॅनिकच म्हणाला, काकू, नवाच घ्या. अजूनही आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 40 फुटावर गेलं असं कळलं की बाबा गप्प होतात, इशारा पातळीच ती, आणि मग सामान हलवायला काढतात. आता आम्ही दोघं साठीच्या पुढं, त्यावेळी तू लगेच येऊ शकशील असं नाही, रस्ते बंद असतात. म्हणून मला असा टीव्ही हवा होता जो आम्ही दोघं मिळून उतरवू आणि वर नेऊ. हा आठ किलोच्या आसपास आहे.

आता दुकानातलं सांगते, तुला पुढं स्वतःच्या घराला घ्यायचाच आहे. आम्ही तीन दुकानं फिरलो. सगळीकडं पेन ड्राइव्हवरचा एकच समुद्र नि पोपट लावून ठेवलेला, रंग असे की डोळे दिपावेत. मी म्हटलं, हा व्हिविड मोड काढा, स्टँडर्ड करा, आणि सेट टॉप बॉक्सवरची मराठी बातमी लावा. एकाने कुरकुर केली, दुसऱ्याने लावली. तेव्हा कळतं खरं चित्र, साध्या चॅनेलवर एकात बाईचा चेहरा मेणासारखा दिसत होता. मग बाबांना बाजूच्या खुर्चीवर बसवलं, कारण ते दिवाणावर आडवे होऊन बघतात, आणि काही पॅनल समोरून झकास पण बाजूनं बघितलं की फिके पडतात. स्टोरेज विचार, 8 जीबीवाला थोड्या दिवसांत अडकायला लागतो, आम्ही 16 चा घेतला. आणि 120 लिहिलं असेल तर विचार की पॅनलचाच रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं ते, 120 आहे का, नाहीतर आत साधा 60 चा असतो.

भावाचं सांगते. दुकानदार एमआरपी दाखवून म्हणाला, बघा काकू एवढे हजार कमी. मी म्हटलं, दादा, एमआरपीला कोण घेतंय, आणि 32 इंचाच्या वरच्या टीव्हीचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 चा 18 टक्के झालाय, तो फरक तुमचा डिस्काउंट म्हणून सांगू नका. हिशेब सोपा आहे गं, कर सोडून 25,000 चा टीव्ही आधी 32,000 ला पडायचा, तो आता 29,500 ला पडतो, त्याच्या खाली जे उतरेल ती खरी सूट. तो हसला आणि मग नीट बोलायला लागला. नो कॉस्ट ईएमआय, म्हणजे बिनव्याजी म्हणतात ते हप्ते, ते पण नको म्हटलं, त्यात प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी जातोच, वर एकरकमी दिले तर अजून कमी होतं का ते विचारायची संधी जाते. शेवटी 27,000 ला दिला, भिंतीचं ब्रॅकेट आणि फिटिंग धरून, आणि जुना 32 इंची नेला त्याचे हजार वेगळे.

ऑनलाइन हाच 43 इंची दोन हजारांनी कमी होता हे मला माहितेय. पण मावशीचा ऑनलाइनचा बॉक्स घरी येऊन चार दिवस तसाच पडला, फिटिंगवाला आला तेव्हा उघडला तर कोपऱ्यातनं तडा, आणि मग विकणारे म्हणे तुम्हीच फोडला, आम्ही नाही, यात तिचा महिना गेला. तू कधी मागवलास तर डिलिव्हरीवाल्याच्या समोर उघड, लावून बघ, मगच ओटीपी दे. आम्ही दुकानातच चालू करून बघितला, बॉक्सवरचा आणि मागचा सिरियल नंबर बिलाशी जुळवला, बिल तुला व्हॉट्सअॅपवर पाठवलंय, जपून ठेव.

फिटिंगच्या पोराकडनं बाबांनी तो ब्रॅकेटवरनं काढायचा कसा ते शिकून घेतलं, दोनदा काढून परत लावला. खालचे दोन स्क्रू सैल करायचे आणि सरळ वर उचलायचा, एवढंच. स्क्रूड्रायव्हर जिन्याच्या खिळ्याला लाल दोऱ्यानं बांधून टाकलाय.

तू पाठवलेले पैसे परत पाठवू नको म्हणालीस, म्हणून त्यातले 27,000 घेतले, बाकी तुझ्या खात्यात टाकलेत. बाबांनी काल सगळ्यांना फोन करून सांगितलं, लेकीनं टीव्ही घेतला.

रविवारी ये, ते यूट्यूबचं लॉगिन आम्हाला जमत नाहीये.

तुझी,
आई