पाइपातल्या गॅसला 'एकदम स्वच्छ' म्हणण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेळगावात पाइप गॅससाठी रस्ते उकरायला लागल्यापासून तुमच्या पेपरात त्यावर पत्रं येतच आहेत, कुणी म्हणतंय चर खणून तसाच टाकून गेले, कुणी विचारतंय डिपॉझिट किती, सिलिंडरपेक्षा स्वस्त पडणार का. सगळं बरोबर, रस्त्याचं तर विचारूच नका. पण परवा एका वाचकांनी लिहिलं की हा गॅस एकदम स्वच्छ, निसर्गाला काहीच त्रास नाही, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहायलोय.

हा गॅस येतो कुठनं ते आधी बघा. आपल्या जिल्ह्यातनं जी मोठी लाइन गेलीय ती 'गेल' ह्या सरकारी गॅस कंपनीची दाभोळ-बेंगळुरू, 2013 ला चालू झालेली. दाभोळ म्हणजे तेच एन्रॉनच्या वीज प्रकल्पवालं, आमच्या वयाच्या लोकांना वेगळं सांगायला नको. तिथं उणे 162 डिग्रीला थंड करून पातळ केलेला गॅस जहाजातनं येतो. गेलनं अमेरिकेतल्या लुइझियानाच्या सबाइन पास टर्मिनलवरनं 20 वर्षं गॅस घ्यायचा करार केलाय, त्यातलं पहिलं जहाज मार्च 2018 मध्ये लागलं ते दाभोळलाच. आणि अमेरिकेत आज निघणारा बहुतेक गॅस हा शेल नावाच्या घट्ट खडकातला, म्हणजे फ्रॅकिंग करून काढलेला. पाइपात सगळा गॅस मिक्स होतो, त्यामुळं तुमच्या शेगडीत जळतोय तो कुठला हे कुणी छातीठोक सांगणार नाही, पण त्यात तिकडचाही असू शकतो.

फ्रॅकिंगमध्ये करतात काय, तर एक-दोन किलोमीटर खाली बोअर मारायचा, तिथनं तो आडवा वळवायचा आणि मग पाणी, वाळू आणि केमिकल प्रचंड दाबानं आत सोडून खडकाला तडे पाडायचे. वाळू त्या तड्यात अडकून बसते, तडे मिटत नाहीत, गॅस वर येतो. एका विहिरीला साधारण 57 लाख ते 6 कोटी लिटर पाणी लागतं, म्हणजे आपले 10 हजार लिटरचे टँकर धरले तर सहाशेच्या आसपास ते सहा हजार टँकर. मे महिन्यात राकसकोप धरणाची पातळी खाली गेली की आमच्या गल्लीत एका टँकरवरनं भांडणं होतात, तिथं हा हिशेब करून बघा. बरं, त्यातलं जे पाणी परत वर येतं ते प्यायचंही नाही आणि शेतीचंही नाही, मीठ, केमिकल, कुठं कुठं किरणोत्सारी रेडियमसुद्धा. मग ते पाणी दुसऱ्या खोल विहिरीत दाबून भरतात. ओक्लाहोमात असं भरून भरून भूकंप व्हायला लागले, सप्टेंबर 2016 मध्ये पॉनी गावाजवळ 5.8 चा झाला. 1967 चा कोयनेचा भूकंप आपल्याकडच्या जुन्या लोकांना आठवतोय, तो धरणात साठलेल्या पाण्यामुळं झाला असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात, तेव्हा पाण्याच्या दाबानं जमीन हलते हे आपल्याला कुणी नव्यानं शिकवायला नको.

कंपन्यांची बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. त्या म्हणतात तडे इतके खोल पडतात की वरच्या पिण्याच्या पाण्याशी त्यांचा संबंधच येत नाही. तड्यांपुरतं हे बऱ्याच ठिकाणी खरं आहे. पण बोअर त्या पाण्याच्या थरातनंच खाली जातो ना? केसिंगचं, म्हणजे बोअरमधल्या पाइपाभोवतीचं, सिमेंट कच्चं राहिलं की झालं. पेनसिल्व्हेनियात डिमॉक नावाचं खेडं आहे, तिथं 1 जानेवारी 2009 ला एका घरच्या पाण्याच्या विहिरीत मिथेन साठून स्फोट झाला. सरकारी तपासात गॅसच्या विहिरी सदोष निघाल्या, पण कोर्टातला निकाल लागायला 2022 उजाडलं, तेव्हा कुठं कंपनीनं गावाला पाण्याची लाइन घालून द्यायचे पैसे कबूल केले. तेरा वर्षं! आणि 2005 च्या कायद्यात अमेरिकेनं ह्या फ्रॅकिंगच्या पाण्याला पिण्याच्या पाण्याच्या कायद्यातनं सूट देऊन टाकली होती, फक्त डिझेल वापरून केलेलं फ्रॅकिंग सोडून.

हवेचं म्हणाल तर जळताना हा गॅस कोळशाच्या निम्माच कार्बन सोडतो, धूर नाही, राख नाही, हे मान्य. पण न जळता विहिरीतनं, पाइपातनं गळला तर तो मिथेन, आणि 20 वर्षांचा हिशेब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या 80 पटीहून जास्त उष्णता धरतो. म्हणजे गळती किती त्यावर सगळं.

गंमत बघा, फ्रान्सनं 2011 मध्ये आपल्या देशात फ्रॅकिंगवर बंदी घातली आणि आज जहाजं भरभरून अमेरिकेचा गॅस घेतोय. न्यूयॉर्क राज्यानं बंदी घातली, गॅस शेजारच्या पेनसिल्व्हेनियातनं येतोय. आपलंही तेच चाललंय. देशात शेल गॅससाठी खंभात, कृष्णा-गोदावरी, कावेरी अशी नावं घेतात, बेळगावचं नाव त्यात नाही, म्हणून आपण निवांत. कावेरीच्या भातशेतीवाल्यांनी आंदोलनं केली तेव्हा कुठं 2020 मध्ये तमिळनाडूनं तो भाग संरक्षित शेती क्षेत्र केला. इथं कणकुंबीच्या म्हादई पाण्यावरनं तीन राज्यं कोर्टात बसलीत, आपल्याला तरी दुसऱ्याच्या विहिरीचं दुखणं कळायला पाहिजे.

गॅस नको असं मी म्हणत नाही. कनेक्शन मी पण घेणार, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सिलिंडर ओढायला लावण्यापेक्षा बरं. पण आपल्या जिल्ह्यात चिकोडी, अथणी, संकेश्वर, गोकाक इतके साखर कारखाने, त्यांच्या प्रेसमडपासनं, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळापासनं, बायोगॅस होतो आणि तो ह्याच पाइपात सोडता येतो. केंद्र सरकारनं 2025-26 पासनं 1 टक्का आणि पुढं 2028-29 पर्यंत 5 टक्के असा गॅस मिसळायचं ठरवलंय. तर आपल्या शहरात त्यातला किती येणार, कुठल्या कारखान्याचा, आणि बाहेरचा किती, हे गॅसवाल्यांनी आणि डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसनं एकदा जाहीर छापावं. आणि पत्रक काढाल तेव्हा मराठीतनं पण काढा, आमच्या गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांना कन्नड वाचता येत नाही.

आपला,
एक वाचक, वडगाव, बेळगाव