पाद्र्याचे माग

पॉट्सडॅम, रविवार

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

गुडघ्याला तेल लावता ना? आईला विचारणारच आहे, तेव्हा खरं सांगा.

काल इथलं एक घर पाहून आले. योहानेस लेप्सियस नावाच्या जर्मन पाद्र्याचं. तुम्हाला मुद्दाम लिहितेय, कारण या माणसाच्या गोष्टीत माग आहेत. फ्रीसडोर्फ नावाच्या खेड्यात असताना त्याने गावकऱ्यांसाठी गालिच्यांचा कारखाना काढला होता. 1894 ते 96 मध्ये तुर्की सुलतानाच्या राज्यात आर्मेनियन लोकांच्या कत्तली झाल्या, तेव्हा हा गालिचेवाला बनून तिकडे गेला, सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि मग कारखानाच उर्फा शहरात हलवला. विधवांच्या हाताला काम मिळावं म्हणून! चर्चने रजा दिली नाही, तर नोकरी सोडली. गिरणी बंद पडली तेव्हा तुम्ही म्हणायचात ना, शिधा चार दिवसांचा, माग जन्माचा. तेच आठवलं.

तेव्हा हळहळ सगळीकडेच होती म्हणा. इंग्लंडात 86 वर्षांचे माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन लिव्हरपूलच्या सभेत कडाडले, फ्रान्सच्या संसदेत समाजवादी पुढारी जोरेस सरकारवर तुटून पडले. स्वित्झर्लंडसारख्या चिमुकल्या देशात लाखोंनी सह्या केल्या. सरकारं मात्र जागची हलली नाहीत.

1915 मध्ये तर त्याहून मोठा संहार सुरू झाला, आणि आता तुर्कस्तान जर्मनीचा पहिल्या महायुद्धातला दोस्त. वर्तमानपत्रांची तोंडं बंद. लेप्सियस इस्तंबूलला जाऊन थेट तुर्कस्तानचा युद्धमंत्री एन्व्हर पाशा याला भेटला. हात हलवत परतला, पण गप्प बसला नाही. 1916 मध्ये अहवाल छापून वीस हजारांवर प्रती टपालाने पाठवल्या, बऱ्याचशा गावोगावच्या पाद्र्यांना. पुढे बंदी आली, तोवर हा हॉलंडमध्ये.

मला ती पाकिटंच डोळ्यांसमोर येत राहिली. घरातला मुलगा आघाडीवर, आणि टपालात हे. किती जणांनी रविवारी चर्चमध्ये वाचून दाखवलं असेल, आणि किती जणांनी गुपचूप कपाटात सारलं असेल? मी असते तर? खरं सांगू, कपाटातच.

बाकी ठीक. इथे अंधार चारलाच पडतो. सोलापुरी चादर दुहेरी करून घेते, तरी पाय गार. आणि माळ्यावरचा तुमचा धोटा आईने भंगारात घालायचा म्हटलाय, घालू देऊ नका. मला हवाय.

तुमची,
मनी