चि. सोनूस पत्र : सासऱ्यांच्या शेव्हेलबद्दल

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो आणि वर्कशॉपचं अंदाजपत्रक दोन्ही नीट पाहिलं. शेव्हरोले कंपनीची १९७० ची शेव्हेल मालिबू, दोन दारांची, ३०७ घन इंचांचं व्ही-८ इंजिन, दोन गिअरची पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक, आणि बारा वर्षं ओहायोतल्या गॅरेजात एका जागी उभी. वर्कशॉपवाले म्हणतात, सगळी उघडून नव्यासारखी करायला ८५ हजार डॉलर, आणि त्यातच तिला 'एसएस', म्हणजे याच शेव्हेलची मोठ्या इंजिनाची महागडी 'सुपर स्पोर्ट' करून देऊ, म्हणजे पैसे वसूल होतील. जावईबापूंना ते पटलंय, कारण गाडी त्यांच्या वडिलांच्या हातची आहे.

माझं उत्तर आधीच सांगते. गाडी ठेवा, चालती करा, तिच्यातून फिरा. पण तिला एसएस करू नका, आणि तिचा बोल्ट न् बोल्ट उघडू नका.

हौसेला मोल नसतं असं आपण म्हणतो. या बाबतीत मोल आहे, आणि ते आधी कागदावर मांडावं लागतं. वही घे आणि दोन आकडे वेगवेगळे लिही. पहिला आकडा बाजाराचा: ही गाडी उद्या अनोळखी माणसाला विकली तर किती येतील. दुसरा तुम्हा दोघांचा: ती घरात राहावी म्हणून किती पैसे कायमचे गेले तरी चालतील. आजीचं घंगाळ मोडवाला वजनावर घेतो, त्यात आजी धरत नाही, तसंच हे. लोक फसतात ते या दोन आकड्यांची सरमिसळ करून. खर्च आठवणीसाठी करतात आणि मनाची समजूत बाजारभावानं घालतात.

आता पहिला आकडा. मसल कारचा, म्हणजे मध्यम आकारात दांडगं इंजिन बसवलेल्या गाड्यांचा, बाजार समजायला १९६४ पर्यंत मागे जावं लागतं. जनरल मोटर्सचा (शेव्हरोले आणि पॉन्टिअॅक दोन्ही तिच्याच) तेव्हा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पॉन्टिअॅकचे मुख्य अभियंता जॉन डेलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पळवाट काढली. साध्या टेम्पेस्ट-ल मॉन्समध्ये ३८९ चं इंजिन 'ऑप्शन' म्हणून देऊ केलं, जास्तीची किंमत तीनशे डॉलरच्या आत. तीच जीटीओ. पहिल्या वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या आणि बाकीच्या कंपन्या तिच्या मागे धावल्या. म्हणजे पत्रा तोच, दारं तीच, फरक फक्त ऑर्डरच्या कागदावरच्या एका खुणेचा. तेव्हा तो फरक काहीशे डॉलरचा होता, आज तो लाखाच्या घरात गेलाय.

तुमच्या शेव्हेलचंही तसंच. १९७० च्या त्याच पत्र्यात एलएस६ नावाचं ४५४ घन इंचांचं, ४५० हॉर्सपॉवरचं इंजिन मिळत असे. तशा ४,४७५ गाड्या बनल्या. कागदपत्रांसह चांगल्या स्थितीतली खरी एलएस६ आज एक लाख डॉलरच्या वर जाते. तुमचं ३०७ म्हणजे २०० हॉर्सपॉवर. तशी साधी मालिबू नीट चालत असेल, पत्रा शाबूत असेल, तर साधारण २० ते ३० हजारांच्या आसपास. आज आहे त्या स्थितीत याच्या निम्मे आले तरी पुष्कळ समज.

मग एसएस केल्यावर वसूल का होणार नाही? काचेतून डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात पाहा, गाडीचा नंबर (नंबरप्लेटचा नव्हे, कारखान्यानं दिलेला) १३६३७ नं सुरू होतो. १ म्हणजे शेव्हरोले, ३६ म्हणजे व्ही-८ मालिबू, ३७ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, खिडक्यांमध्ये खांब नसलेली. पुढचं शून्य १९७० सालाचं, मग कारखान्याचं अक्षर, मग सहा आकडी अनुक्रमांक. त्या वर्षी एसएस हा फक्त ऑप्शन होता, त्यामुळे खऱ्या एसएस हार्डटॉपचा नंबरही १३६३७ नंच सुरू होतो. नंबरावरून काहीच सिद्ध होत नाही. बॉनेट, जाळी, बिल्ले, गोल मीटरांचा डॅश, सगळं नवं कोरं विकत मिळतं. १९६९ च्या कमारोचा तर अख्खा सांगाडा नवा मिळतो. म्हणून जाणकार गिऱ्हाईक बिल्ला बघतच नाही, कागद मागतो: कारखान्यातली बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवायचं त्याचा कागद), मूळ विंडो स्टिकर (शोरूममध्ये काचेवर लावलेला किमतीचा कागद), नाहीतर 'प्रोटेक्ट-ओ-प्लेट', म्हणजे वॉरंटीच्या पुस्तकात चिकटवलेली धातूची छोटी पट्टी. कागद नसेल तर ती 'क्लोन', म्हणजे नक्कल, आणि किंमत क्लोनची. पुढे कुणी ती खरी म्हणून विकली तर सरळ फसवणूक. आणि तुमच्या गाडीपुरतं वाईट हे की सासऱ्यांनी जी गाडी चालवली ती गाडीच उरणार नाही.

इतर कंपन्यांच्या गाड्यांत हे थोडं सोपं असतं. क्रायस्लरच्या १९७० च्या गाडीच्या नंबरातलं पाचवं अक्षर 'आर' असलं की तिच्यात त्यांचं नावाजलेलं ४२६ घन इंचांचं 'हेमी' इंजिन. फोर्डच्या मस्टँगमध्येही पाचवं अक्षर इंजिनाचंच. त्या काळच्या शेव्हरोलेत मात्र ही सोय नाही, म्हणून नकली एसएस शेव्हेल पुष्कळ दिसतात.

अंदाजपत्रकातले ८५ हजार मला फुगवलेले वाटले नाहीत. उलट कमीच धरलेत. बॉडी चेसिसवरून उचलून पूर्ण काम करायला हजार तास सहज लागतात. तासाला १०० डॉलर धरले तर मजुरीच एक लाख. रंगाचं काम चांगल्या हातून १५ ते ३० हजार. बंपरला नवं क्रोम चढवायचं तर एकेका बंपरला हजारच्या आसपास. आणि गंज किती आहे ते रंग उतरवल्याशिवाय कुणालाच कळत नाही, म्हणून आकडा वाढतच जातो. या धंद्यातली सगळ्यात दुःखाची गाडी म्हणजे निम्म्यात पैसे संपलेली: चेसिस एका कोपऱ्यात, बॉडी दुसऱ्या, बाकी सगळं चाळीस खोक्यांत. तशा गाडीला उभ्या असलेल्या गंजक्या गाडीइतकेसुद्धा कुणी देत नाही, कारण खोक्यात काय नाही हे घेणाऱ्याला कळत नाही.

उलट, न उघडलेल्या गाडीचं काय होऊ शकतं त्याचं टोकाचं उदाहरण सांगते. 'बुलिट' या १९६८ च्या चित्रपटातली हिरवी मस्टँग न्यू जर्सीच्या एका गृहस्थांनी १९७४ मध्ये ६,००० डॉलरला घेतली. घरचे लोक ती रोजची गाडी म्हणून वापरत. १९७७ मध्ये चित्रपटाचा नायक स्टीव्ह मॅक्वीन यानं स्वतः पत्र लिहून मागितली, त्यांनी दिली नाही. १९८० मध्ये क्लच गेला आणि ती उभी राहिली. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या किसिमी इथं लिलावात तिचे ३७ लाख ४० हजार डॉलर आले, जुन्या रंगासकट, गंजासकट. तुमच्या मालिबूचं असं काही होणार नाही, त्या भ्रमात राहू नका. सांगायचं एवढंच की तिच्या अंगावरची प्रत्येक खूण पुरावा ठरली. नव्या रंगाखाली ती गेली असती.

म्हणून तुमच्या गाडीत आठवण कुठे आहे ते आधी शोधा. जावईबापूंना एकटं गाडीत बसू दे आणि त्यांनाच विचार. बहुतेक ती स्टिअरिंगच्या झिजलेल्या कडेत असेल, ड्रायव्हरच्या सीटच्या खोलगट भागात, रेडिओच्या बटनात, दाराच्या कड्यावर. त्या वस्तूंना हात लावायचा नाही. बाकी जिथं हात लावायचा तिथं लावा: ब्रेक, इंधन, टायर, वायरी. कुठलाही मूळ भाग काढला तर तो फेकायचा नाही. पिशवीत घालून, कुठून काढला आणि कधी ते लिहून ठेवायचा.

चाव्या हातात आल्यावर घाईनं स्टार्टर मारू नका. सगळ्यात जास्त नुकसान त्या पहिल्या पाच मिनिटांत होतं. आधी जुनं पेट्रोल पूर्ण काढा. त्याचा व्हार्निशसारखा चिकटा झालेला असतो आणि तो कार्बोरेटरात गेला की जेट बुजतात. आठही स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे पातळ ऑइल घाला, तीन-चार दिवस मुरू द्या, मग इंजिन हातानं पान्यानं दोन फेरे फिरवा. अडलं तर जोर लावायचा नाही. नंतर ऑइल बदला, फिल्टरसह पाच क्वार्ट. ऑइल घेताना डब्यावर झिंक, म्हणजे झेडडीडीपी, जास्त असल्याचं बघून घ्या. या इंजिनात कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) घासत चालणारे सपाट टॅपेट आहेत, ती झीज झिंक रोखतं; आजच्या साध्या ऑइलमध्ये झिंक कमी असतं, आणि ३०७ चा कॅमशाफ्ट मऊ म्हणून आधीच बदनाम आहे.

टायमिंग चेनचं चक्र नक्की तपासून घ्या. कारखान्यानं बसवलेल्या चक्राच्या दातांवर नायलॉन असतं. जुनं झालं की ते ठिसूळ होऊन तुटतं, तुकडे ऑइल पॅनमध्ये पडतात, पंपाची जाळी अडते आणि इंजिन कोरडं चालून जाम होतं. चक्र आणि चेन महाग नाहीत; इंजिन पुन्हा बांधायला मात्र सहा ते बारा हजार लागतात.

रबरी इंधन-नळ्या सगळ्या बदला, इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात मऊ पडून चिरतं, आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकलं की आग. ब्रेक ड्रमचे असतील. चारही चाकांचे व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर आणि लवचीक नळ्या नव्या, कारण ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि आतून गंजवतं. टायरचा नक्षा कितीही छान दिसला तरी बाजूचा चार आकडी तारखेचा शिक्का वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दहा वर्षांपुढचा टायर हायवेवर फुटू शकतो. एवढं सगळं चांगल्या मेकॅनिककडून चार ते सहा हजारांत व्हावं.

गंज बघायला लोहचुंबक घ्या, पातळ फडक्यात गुंडाळा म्हणजे रंगाला ओरखडा येणार नाही. मागच्या चाकांमागचा खालचा पत्रा, डिकीचा तळ आणि मागच्या काचेची खालची पन्हळ इथं फिरवा. चुंबक धरत नसेल तर आत पुट्टी आहे. मग गाडी लिफ्टवर घेऊन मागच्या अॅक्सलच्या वरची आणि मागची चेसिस टोचून बघा. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते तिथंच साठतं. चेसिस कुजली असेल तर माझं सगळं गणित बदलेल, तेव्हा पैसे ठरवण्याआधी हे काम.

इंजिनावर उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे एक सपाट जागा आहे, तिथं शिक्के मारलेले असतात. एका शिक्क्याचे शेवटचे आकडे गाडीच्या अनुक्रमांकाशी जुळले तर इंजिन जन्मापासूनचं. ती जागा फक्त फडक्यानं आणि सॉल्व्हंटनं पुसायची. वायर ब्रश किंवा पॉलिश पेपर अजिबात नाही. कारखान्यातल्या मशीनच्या बारीक रेघा गेल्या की खरा शिक्कासुद्धा खोटा वाटतो.

विमा साधा घेऊ नका. साधा विमा झीज वजा करून रक्कम देतो, म्हणजे पन्नास वर्षांच्या गाडीला जवळजवळ काहीच नाही. 'अॅग्रीड व्हॅल्यू'चा घ्या, ज्यात रक्कम आधीच लिहून ठरते. त्यासाठी बंद गॅरेज आणि रोजच्या वापराला दुसरी गाडी लागते, दोन्ही तुमच्याकडे आहेत. प्रत्येक पावती ठेव, त्या दाखवून रक्कम दरवर्षी वाढवता येते. आणि टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, आधी जावईबापूंच्या नावावर करून घ्या. सासऱ्यांच्या नावावर असताना वर्कशॉपशी करार नको. करार करताना महिन्याला बिल, बिलासोबत फोटो, आणि ठरलेल्या आकड्यापुढे तुमच्या सहीशिवाय काम नाही, एवढं लिहून घे.

दुसरा आकडा मी सांगणार नाही, तो तुम्ही दोघं रात्री निवांत बसून लिहा. माझ्या हिशेबानं दहा हजारांत ती रस्त्यावर येईल आणि सासऱ्यांची दिसेल. उरलेले ७५ हजार घरात राहतील. पाच वर्षांनी रंग करावासा वाटला तर तेव्हाही करता येईल. नवा रंग केला की जुना मात्र परत आणता येत नाही.

मेकॅनिक पेट्रोलची टाकी उतरवेल तेव्हा तू तिथं हजर राहा. टाकीच्या वरच्या बाजूला कधीकधी बिल्ड शीट चिकटलेली असते, कधी मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकलेली. पिवळी पडलेली, हात लावला की चुरा होते. ओढू नकोस. आहे तिथं फोटो काढ आणि मला पाठव, मग कशी सोडवायची ते सांगते.

तुझी आई