एमआरएनए आपोआप विरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला एमआरएनएवरचा, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी जनुकाचा निरोप नेणाऱ्या रेणूवरचा, लेख आवडला. लसीचा भाग तर फार सोपा करून सांगितला आहे. मात्र हा रेणू नाजूक असल्याने पेशीत आपोआप विरून जातो, असे त्यात म्हटले आहे, ते पटले नाही. बारावीला जीवशास्त्र शिकवताना मुलांच्या डोक्यातून हाच समज काढता काढता नाकी नऊ येतात.

ई. कोलाय या जिवाणूत बहुतेक एमआरएनए काही मिनिटांत संपतात. जिवाणू ते मुद्दाम तोडतो. नव्या एमआरएनएच्या टोकाला तीन फॉस्फेट असतात, तोवर आरएनेज-ई या एन्झाइमला तो सहजी कापता येत नाही. आरपीपीएच नावाचे दुसरे एन्झाइम त्यातले दोन काढून टाकते आणि मग कापाकापी सुरू होते. तुकडे इतर एन्झाइम कुरतडतात, सुटे घटक नव्या आरएनएसाठी वापरात येतात. ज्या एमआरएनएवर प्रथिने बनवणारे रायबोसोम दाटीने बसलेले असतात, तो मात्र जास्त टिकतो. लोह कमी पडले की एक छोटा आरएनए लोह वापरणाऱ्या प्रथिनांच्या एमआरएनएला चिकटतो आणि त्यांचा निकाल लावतो. मला सर्वांत थक्क करते ते हे, की आरएनेज-ई जास्त झाले तर ते स्वतःचाच एमआरएनए कापून स्वतःला आवरते.

बाजार समितीच्या फळ्यावर कालचा भाव तसाच राहिला तर आजचा सौदा फसणारच. जिवाणूला दर घडीला बदलावे लागते, म्हणून त्याला जुना निरोप पुसावाच लागतो.

हा विषय खान्देशाला परका नाही. आपल्याकडे धुळे-जळगावात घराघरात बीटी कापसाची चर्चा होते. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस. अळीला मारणाऱ्या प्रथिनाचे ढीग या जिवाणूत साचतात, त्याचे एक कारण म्हणजे त्या प्रथिनाचा एमआरएनए बराच टिकतो. त्याच्या शेपटाकडे दुमडलेली एक घडी असते, तिच्यापाशी कुरतडणारी एन्झाइम अडतात. पण त्या प्रथिनाचे जनुक जसेच्या तसे वनस्पतीत घातले, तेव्हा प्रथिन अगदीच थोडे मिळाले. जिवाणूची लिपी वनस्पतीच्या पेशीला मानवली नाही, एमआरएनए नीट तयार होईना, टिकेना. शेवटी प्रथिन जवळपास तेच ठेवून जनुकाची अक्षरे बदलावी लागली, आणि तेव्हा कुठे कापसात बोंडअळीला पुरेल इतके प्रथिन बनू लागले. भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली ती 2002 साली. बियाण्याच्या पाकिटामागे एवढे रामायण आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांना, म्हणजे कापूस वेचणाऱ्यांच्याच मुलांना, कुणी सांगत नाही.

गुलाबी बोंडअळी आता बीटीला दाद देत नाही, तो वेगळा विषय. त्यावर आपण भरपूर छापता, तेही आवश्यकच आहे. एमआरएनए कसा तुटतो, यासाठीही पुरवणीत एक पान द्यावे आणि त्या लेखातील विधानाची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक जीवशास्त्र शिक्षक, पारोळा