मॉडेल बंद झालं म्हणून भाव का पाडता?

संपादक महोदय,

कंपनीने एखादी छोटी हॅचबॅक गाडी बनवणं बंद केलं की सेकंडहँडवाले लगेच सुरू होतात, "साहेब मॉडेल बंद झालंय, आता एवढेच मिळतील", आणि चांगली ठेवलेली गाडी लोक घाबरून पडत्या भावात देऊन टाकतात. हे मला अजिबात पटत नाही म्हणून लिहितोय.

गाडी बंद झाली म्हणजे तिचं इंजिनही बंद झालं असं नसतं. मारुतीची रिट्झ 2017 ला गेली, पण तिचं 1.2 लिटरचं के सिरीज पेट्रोल इंजिन स्विफ्टमधलंच, त्यामुळे फिल्टर, प्लग, क्लचप्लेट कुठलाही मेकॅनिक डोळे झाकून बसवतो. होंडा जॅझ 2023 ला बंद झाली, तिचं 1.2 लिटरचं आय-व्हीटेक पेट्रोल इंजिन होंडाच्याच अमेझमध्ये येतंच आहे की. शिवाय जुन्या जॅझच्या वरच्या व्हेरियंटमध्ये मागच्या सीटचा बेस वर उचलून उभा करता यायचा, उंच सामान सरळ आत जायचं, 2018 च्या फेसलिफ्टमध्ये, म्हणजे गाडीत थोडे बदल केले तेव्हा, ते काढलं, म्हणून मुद्दाम त्याआधीची जॅझ शोधणारे लोक आहेत. फोर्ड फिगोचं वेगळं, फोर्डने 2021 मध्ये भारतातलं उत्पादनच थांबवायचं जाहीर केलं, तिथे गिऱ्हाईक बिचकलं तर समजू शकतो.

खरी अडचण येते ती बॉडी पार्टची. टेललॅम्प, बंपर, दाराची काच, हे त्या त्या मॉडेलचंच लागतं. म्हणून घेणाऱ्याने किलोमीटरच्या आकड्यावरच न जाता टेललॅम्पला तडा आहे का, आत ओल धरलीये का ते बघावं, आणि त्यासाठी भाव कमी मागितला तर रास्त आहे.

अजून एक, इन्शुरन्सचं. पाच वर्षांपर्यंतच्या चालू मॉडेलला आयडीव्हीसाठी, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीसाठी, घसाऱ्याचा (वयानुसार किंमत किती कमी धरायची त्याचा) तक्ता आहे, चार ते पाच वर्षांच्या गाडीला 50 टक्के घसारा. पण बंद झालेल्या मॉडेलची आयडीव्ही विमा कंपनी आणि मालकाने आपसात ठरवायची असते. किती जणांना हे माहीत आहे? रिन्यूअलला स्क्रीनवर येतो तो आकडा आपण मान्य करतो आणि मग गाडी विकताना घेणारा तोच कमी आकडा दाखवून घासाघीस करतो.

तुमच्या पेपरात नव्या गाड्यांबद्दल भरपूर येतं, त्यासोबत बंद झालेल्या कुठल्या हॅचबॅकचे पार्ट कुठल्या चालू गाडीला जुळतात हेही कधीतरी छापा, विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही त्याची गरज आहे.

आपला,
एक नियमित वाचक