रंग शेवटी, ब्रेक आधी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

थंडीत जुन्या मोटारींची रॅली निघाली की पुरवण्यांमध्ये चकाकत्या बंपरची छायाचित्रे येतात आणि महिन्याभरात कुठल्यातरी सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली पडलेली पद्मिनी मोटार थेट रंगाऱ्याकडे जाते. हौशी माणसाचा पैसा वाया जातो तो इथेच. गाडी घरी दुरुस्त करायची तर रंग हे शेवटचे काम. त्याआधी कागद, पत्रा, ब्रेक, पेट्रोलची वाट, वायरिंग आणि इंजिन. हा क्रम उलटा झाला की नवा रंग पुन्हा खरवडावा लागतो, कारण वेल्डिंगच्या धगीने रंग फुगतो आणि ब्रेक ऑइलचा एक थेंबही तो सोडवतो.

उदाहरण प्रीमियर पद्मिनीचेच घेतो. ती कुर्ल्यात बनली, तिचे सुटे भाग अजून मिळतात आणि १०८९ सीसीचे तिचे इंजिन घरगुती हत्यारांना दाद देते. पद्मिनी मुळात फियाटची, म्हणून तिचे नट-बोल्ट मेट्रिक आहेत, त्यामुळे १०, १३, १७ चे नेहमीचे पाने चालतात. जुन्या मॉरिस-ऑस्टिनला ते पाने लावले की बोल्टची डोकी गोल झालीच म्हणून समजा. त्यांना इंची पानेच हवेत.

आधी कागद. आरसी बुकातला चॅसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवर ठोकलेल्या क्रमांकाशी जुळत नसेल, तर गाडी कितीही देखणी असली तरी सोडून द्यावी. केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. पण मग तिचा रोजचा वापर बंद. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हला फेरी मारण्याची हौस असेल तर साधी खासगी नोंदणी दर ५ वर्षांनी पुढे चालू ठेवणेच सोयीचे. विकत घ्यायची गाडी पूर्वाश्रमीची टॅक्सी असेल तर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. छतावरच्या कॅरिअरच्या पायांखाली पन्हळीत पाणी साचून पत्रा खाल्लेला असतो आणि सीएनजीच्या टाकीच्या वजनाने डिकीचा तळ व मागचे पाटे बसलेले असतात.

आता पत्रा. इथेच गाडी जगते किंवा मरते. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चौकट नाही; बॉडीचा पत्राच सगळा भार पेलतो. त्यामुळे दरवाजाखालचा लांब पोकळ पत्रा सडणे म्हणजे घराची तुळई सडणे. रुमालात गुंडाळलेले लोहचुंबक दरवाजांच्या खालच्या कडांवरून, चाकांच्या कमानींवरून आणि स्टेपनीच्या खोबणीतून फिरवावे. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली लांबीचा, म्हणजे खड्डे भरायच्या पुट्टीचा थर आहे. मॅटिंग उचलून पायाखालचा पत्रा जुन्या स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहावा. बॅटरीखालची जागा आणि पुढच्या काचेच्या रबराखालची खाच विसरू नये. दरवाजाच्या तळाशी पाणी जाण्यासाठी कारखान्यानेच भोके ठेवलेली असतात. रंगाऱ्याने ती लांबीने बुजवली की पुढच्या दोन पावसाळ्यांत दरवाजा आतून सडतो.

सडलेला भाग लखलखीत धातू लागेपर्यंत कापावा. गंजावर गंजविरोधी द्रव फासून वर लांबी भरणे ही फसवणूक आहे, स्वतःचीच. ठिगळासाठी सुमारे १ मिमीचा, म्हणजे २० गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा घ्यावा. दरवाजाखालचा भाग कापण्यापूर्वी दरवाजाच्या चौकटीत लोखंडी अँगल तात्पुरता टाके मारून बसवावा, नाहीतर बॉडी मधोमध वाकते आणि दरवाजे पुन्हा कधी नीट लागत नाहीत. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा लाटांसारखा वाकतो. सीओटू वायूच्या आवरणात तारेने होणारे वेल्डिंग बरे. त्यातही सलग शिवण मारायची नाही. एक टाका या टोकाला, दुसरा त्या टोकाला, मग मध्ये, असे करत टाक्यांमधले अंतर भरत आणावे. घासून झाल्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर तांबूस पापुद्रा आलेला असतो. नुसता रेड ऑक्साइड पुरत नाही, कारण तो सच्छिद्र असतो आणि ओल आत घेतो. लांबी नंतर, आणि २-३ मिमीपेक्षा जास्त नाही. त्यापेक्षा खोल खड्डा असेल तर डेंटिंग, म्हणजे पत्रा ठोकून सरळ करणे, कमी पडले आहे. शेवटी पोकळ भागांत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारे मेण सोडावे. हे काम बाहेरून अजिबात दिसत नाही आणि म्हणूनच कोणी करत नाही.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये वेल्डिंग करायचे तर पेट्रोलची टाकी आधी उतरवून दूर ठेवावी, बॅटरीच्या तारा सोडवाव्यात, जवळचे मॅट, फोम आणि वायरिंग बाजूला काढावे आणि अग्निशामक हाताशी ठेवावा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, कारण तिच्यात वाफ असते. टाकीला स्वतः वेल्डिंग करण्याच्या फंदात कोणी पडू नये.

ब्रेकबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ. या गाड्यांत ब्रेकचा एकच मार्ग चारही चाकांना जातो. एका चाकाचा सिलिंडर गळला की पेडल जमिनीला टेकते आणि चारही ब्रेक जातात. म्हणून वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचे मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, रबरी नळ्या आणि लोखंडी पाइप यांतले काहीही जुने ठेवू नये. सिलिंडरच्या आत बोटाला खड्डे लागत असतील तर नुसते रबर किट बदलून उपयोग नाही; सिलिंडर नवा घ्यावा किंवा आत स्टीलची स्लीव्ह बसवून घ्यावी. रबर धुवायला पेट्रोल, रॉकेल किंवा इंजिन ऑइल वापरले की ते फुगून अडकते. तिथे फक्त ब्रेक ऑइल. पाइप तांब्या-निकेलच्या मिश्रधातूचा, तोंडाला दुहेरी दुमड दिलेला. शुद्ध तांबे वाकवायला मऊ, पण थरथरीने कडक होऊन चिरते. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करून जवळ यावे. ऑइल हवेतली ओल पिते, त्यामुळे गाडी चालो न चालो, ते दर दोन वर्षांनी बदलावे. आणि जुने ड्रम उघडताना आतली धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते. ओल्या फडक्याने पुसावे आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे.

पेट्रोलची वाट हा आजचा नवा प्रश्न आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. पद्मिनीच्या काळातले रबर, कॉर्कचे गॅस्केट आणि पंपाचा पडदा यांना ते सोसत नाही. रबर मऊ पडते, त्याचे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात, अडकतात आणि मेकॅनिक उगाच प्लग बदलत बसतो. सगळ्या नळ्या एसएई जे३० आर९ असा ठसा असलेल्या घ्याव्यात, पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा. पडदा आतून फाटला तर पेट्रोल इंजिनच्या तेलात उतरते. डिपस्टिकवर तेल वाढलेले दिसले आणि त्याला पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरूच करू नये, कारण पातळ झालेले तेल बेअरिंग खाते. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळाभर अर्धी टाकी तशीच ठेवली की पाणी आणि इथेनॉलचा थर खाली बसतो, आणि पेट्रोल ओढणारी नळी नेमकी तिथेच असते.

इथेनॉलमुळे मिश्रण पातळही होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. शुद्ध पेट्रोलच्या १ भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, या पेट्रोलला १३.५ च्या आसपास. गाडी गरम होते, ॲक्सिलेटर दाबल्यावर अडखळते, प्लगचे टोक पांढरट दिसते. सोलेक्स कार्बोरेटरच्या मुख्य जेटवरचा आकडा म्हणजे छिद्राचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० च्या जागी १२५ चा जेट घातला तर छिद्राचे क्षेत्रफळ साधारण ८ टक्क्यांनी वाढते, आणि तेवढेच हवे असते. जेटमध्ये ड्रिल किंवा तार घालून भोक मोठे करणाऱ्याला मात्र गाडीला हात लावू देऊ नये.

वायरिंगमध्ये जुन्या तारांवर नव्या तारा जोडत जाण्याची सवय घातक. मोजक्या फ्यूजवर अख्खी गाडी चालते आणि त्यात कोणीतरी साउंड सिस्टिम लावलेली असते. पूर्ण हार्नेस, म्हणजे तारांचा अख्खा जुडगा, नवा करावा, प्रत्येक दिव्याच्या जोडीला वेगळा फ्यूज द्यावा. ६० वॅटचे दोन हॅलोजन बल्ब म्हणजे १० अँपिअर. एवढा प्रवाह जुन्या स्विचमधून नेला की तो वितळतो. म्हणून रिले, म्हणजे स्विचच्या थोड्या प्रवाहावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारी डबी. तिच्या टोकांवर क्रमांक असतात: ३० ला फ्यूजमार्गे बॅटरी, ८७ ला दिवा, ८५ ला अर्थ, ८६ ला जुना स्विच. मुख्य तार २.५ चौरस मिमी. निम्मे विजेचे रोग अर्थचे असतात. अर्थच्या बोल्टखालचा रंग धातूपर्यंत घासावा. जुन्या डायनामोला आयडलवर, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असताना, चार्जिंग जमत नाही, आणि मुंबईत गाडी आयडलवरच जास्त असते. त्यामुळे अल्टरनेटर बसवणे योग्यच. फक्त काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असते, ते आधी तपासावे. न तपासता जोडणी केली तर अल्टरनेटरचे डायोड क्षणात जळतात.

इंजिन जाम असेल तर स्टार्टर मारू नये. प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरचे तेल आणि रॉकेल यांचे मिश्रण थोडे थोडे ओतून चार-पाच दिवस ठेवावे, मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने हलवावे, पुढे-मागे, अगदी थोडे. फिरू लागले की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजावे. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे. वाढला तर रिंग झिजल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. पेट्रोलमधले शिसे व्हॉल्व्हच्या बैठकीला जपत असे; शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. त्याआधीच्या इंजिनचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत रुतत जातात, सीएनजीवर फिरलेल्यांचे तर हमखास. हेड उघडलेच आहे तर कडक धातूच्या सीट (बैठका) घालून घ्याव्यात. तेल २०डब्ल्यू-५० मिनरल. महागडे, पातळ सिंथेटिक घालून जुन्या सीलमधून गळती ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

सुधारणा कोणत्या कराव्यात यावर हौशी मंडळींत कायम वाद असतो. आमचे मत असे की जी सुधारणा एका दिवसात काढून गाडी पूर्ववत करता येते तीच करावी. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली बसणारे इलेक्ट्रॉनिक इग्निशन, रिले, रेडिएटरचा विजेचा पंखा, जुन्या रिमवर ट्यूबसह रेडियल टायर. टायर मात्र चारही रेडियल; जुने क्रॉसप्लाय (आडव्या-तिरप्या धाग्यांचे) आणि रेडियल यांची सरमिसळ नको. पुढे डिस्क ब्रेक लावण्याची टूम आहे. त्यात ड्रमसाठी बनवलेल्या मास्टर सिलिंडरमधला दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह तसाच राहतो, डिस्क सतत घासते आणि तापते. मास्टर सिलिंडरचा व्यास, सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारे साधन) आणि मागच्या चाकांशी तोल हे सगळे एकत्र बदलणार नसाल तर नीट घासून बसवलेले ड्रम जास्त भरवशाचे. दुसऱ्या कंपनीचे इंजिन घालणे हा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा विषय आहे. परवानगीशिवाय केले तर आरसी, विमा आणि 'व्हिंटेज' दर्जा, तिन्हींवर पाणी.

सामान कुठे मिळते? नळ्या, सील, बेअरिंग नागदेवी स्ट्रीटला. बेअरिंगवर कोरलेला क्रमांक सांगितला तर गाडीचे नाव सांगावेच लागत नाही. सुटे भाग ऑपेरा हाऊसला, जुने काढलेले कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर. जुना नमुना बरोबर न्यावा. उघडलेल्या भागांचे बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत, चिठ्ठीसह.

आणि मग रंग. तो घरी मारू नये. हल्लीच्या दोन घटकांच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगात आयसोसायनेट ही श्वासाला घातक रसायने असतात, साधा मास्क ते अडवत नाही आणि वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघड्या असतात. बूथमध्ये द्यावा, तोही ऑक्टोबरनंतर. जुन्या पद्धतीचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग हवा असेल तर कोरडी हवा आणखीच गरजेची, कारण थिनर झपाट्याने उडतो, पत्रा गार पडतो आणि दमट हवेत रंगावर पांढरट छटा चढते. रंगवलेली गाडी पावसाळ्यात प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली कोंडू नये. आतली वाफ बाहेर जात नाही. सुती कव्हर घालून छपराखाली, आणि आठवड्यातून एकदा इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवून.

पुढच्या रॅलीनंतर आपल्या पुरवणीत छायाचित्रे छापाल तेव्हा एखादे गाडीच्या खालून काढलेलेही छापावे, ही विनंती.

आपले,
जुन्या गाड्या घरी दुरुस्त करणारे काही वाचक, मुंबई