'पीपीटीच आणा' हा आग्रह कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सेमिनारच्या सूचनांमध्ये 'फक्त पीपीटीएक्स', म्हणजे पॉवरपॉइंटचीच फाइल आणा, असं छापलेलं असतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० बरोबरच ऑफिस २०१६ आणि २०१९ चाही आधार (सुरक्षेचे अपडेट आणि मदत) बंद केला. जुन्या संगणकांवर काम करणाऱ्या नागपुरातल्या विद्यार्थी-शिक्षकांनी सादरीकरणासाठी फुकटातला पर्याय विचारला की उत्तर येतं, 'लिब्रऑफिस हा मोफत ऑफिस-संच टाका'. उत्तर चूक नाही, पण अर्धवट आहे. आधी विचारायला हवं ते हे, की फाइल शेवटी कुणाच्या संगणकावर उघडणार?

स्वतःच्या लॅपटॉपवरूनच दाखवायची असेल तर लिब्रऑफिसमधलं सादरीकरणाचं सॉफ्टवेअर, इम्प्रेस, डोळे झाकून घ्यावं. फक्त 'टूल्स – ऑप्शन्स'मधल्या भाषेच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' (देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) सुरू करून तिथे मराठी निवडा. इम्प्रेस देवनागरी आणि रोमन अक्षरांचे फॉन्ट वेगवेगळे धरतं. त्यामुळे मराठी ओळीत इंग्रजी शब्द आला की तो लहान-मोठा दिसतो. 'फॉरमॅट – कॅरेक्टर'मध्ये दोन्हींचा आकार जुळवून घ्यावा.

खरी अडचण येते ती सभागृहातल्या संगणकावर पॉवरपॉइंट असतं तेव्हा. इम्प्रेसमधून पीपीटीएक्स करता येते, पण मॉर्फसारखे (एका स्लाइडमधली वस्तू सरकत दुसरीत जाण्याचे) परिणाम जातात आणि स्मार्टआर्टच्या तयार आकृत्यांचे नुसते आकार उरतात. त्याहून जास्त घोळ फॉन्टचा. पॉवरपॉइंटचा कॅलिब्री फॉन्ट नसेल तर लिब्रऑफिस कार्लिटो वापरतं, त्याची अक्षरं तेवढ्याच रुंदीची असल्यानं इंग्रजी ओळी जागच्या जागी राहतात. मंगल किंवा निर्मला या विंडोजमधल्या देवनागरी फॉन्टना अशी जोडी नाही. दुसरा देवनागरी फॉन्ट आला की ओळ भलतीकडे तुटते आणि शेवटचा मुद्दा स्लाइडच्या खाली जातो. म्हणून सुरुवातीपासूनच 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो सान्स देवनागरी' हा फॉन्ट वापरा. दोन्ही मोफत आहेत, गूगल स्लाइड्समध्येही मिळतात. काम ओडीपीत (इम्प्रेसच्या स्वतःच्या फाइल-स्वरूपात) करा आणि पीपीटीएक्स प्रत अगदी शेवटी काढा. दर वेळी त्यातच सेव्ह केलं की मांडणी थोडी थोडी सरकत जाते.

डीटीपीच्या दुकानातून टाइप करून आणलेला कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर मात्र जसाच्या तसा चिकटवू नका. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, फॉन्ट नसला की पडद्यावर नुसती रोमन खिचडी. तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून घ्यावा लागतो.

पीपीटीएक्सचीच देवघेव जास्त असेल तर ओन्लीऑफिस बघा. मोफत आहे आणि मुळात त्याच स्वरूपात काम करतं. निवडण्यापूर्वी 'राष्ट्र, दुसऱ्या, कार्यक्रम, ज्ञानेश्वर' एवढं टाइप करून जोडाक्षरं तपासा. गूगल स्लाइड्स गटानं काम करायला सोयीचं, पण १०० एमबीहून मोठी पीपीटीएक्स त्यात रूपांतरित होत नाही. शिवाय ऑफलाइनची सोय आधीच सुरू केलेली नसेल तर सभागृहातल्या वायफायवर सगळी भिस्त.

या सगळ्यावर साधा तोडगा पीडीएफ. फॉन्ट फाइलमध्येच बसतात. व्हिडिओ मात्र वेगळा न्यावा लागतो, एमपी४ मध्ये. आणि एकेका क्लिकला येणारी चित्रं पीडीएफमध्ये एकदमच, एकावर एक दिसतात. त्यासाठी स्लाइडची नक्कल करत प्रत्येक टप्प्याची वेगळी स्लाइड करा. अॅडोबी रीडरमध्ये कंट्रोल-एल दाबलं की पूर्ण पडदा मिळतो.

इतकं सगळं सोपं असताना सेमिनारच्या सूचनांमध्ये 'फक्त पीपीटीएक्स' असं छापण्याचं कारण कळत नाही. ओडीपी ज्या ओपन डॉक्युमेंट स्वरूपात येते ते २००६ पासून आयएसओ मानक आहे. शहरातल्या महाविद्यालयांनी आणि स्पर्धा भरवणाऱ्यांनी पीडीएफ व ओडीपी स्वीकारावी. सभागृहातल्या संगणकावर लिब्रऑफिस आणि वरचे दोन फॉन्ट टाकून ठेवावेत. एका दुपारचं काम आहे, खर्च शून्य. आणि प्रोजेक्टर जुना, ४:३ (रुंदी-उंचीच्या) प्रमाणाचा असेल तर तेवढं सूचनेतच लिहावं. १६:९ ची स्लाइड त्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या सोडून बारीक दिसते आणि मागच्या रांगेला तक्त्यातले आकडे वाचता येत नाहीत.

– एक संगणक प्रशिक्षक, नागपूर